मुलगा म्हणतो, कॉलेज बेसबॉलच्या स्टाफमध्येच राहणार. यात करिअर आहे का?

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा अमेरिकेत डेटा सायन्सचं मास्टर्स करतोय, शेवटचं वर्ष. युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल टीमबरोबर दीड वर्ष स्टुडंट मॅनेजर म्हणून राबतोय. कपडे धुण्यापासून कॉम्प्युटरवरच्या रिपोर्टपर्यंत सगळं करतो आणि आता म्हणतो, आयटीत जायचं नाही, यातच राहायचं. ‘टीमच्या स्टाफमध्ये खरंच करिअर होतं का? पगार मिळतो का? की एवढं शिकून पोरगं बॉल गोळा करत बसणार?’

ताई, बॉल गोळा करण्याचं म्हणाल तर ते खरं आहे. मला अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये पगारावर लागून चौदा वर्षं झाली, तरी परवा पाऊस येताना दिसला तेव्हा बॅटिंग केजमधले दोन बादल्या बॉल मीच उचलले. त्या कामाची लाज वाटणारा माणूस या धंद्यात दोन वर्षंही टिकत नाही. तुमच्या मुलाने दीड वर्ष टॉवेलच्या घड्या घातल्यात, म्हणजे पहिली चाळणी त्याने ओलांडलीय.

मी जळगावचा. शाळेत सॉफ्टबॉल, उरलेल्या वेळात क्रिकेट. 2008 च्या ऑगस्टमध्ये स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला इकडे आलो, पहिल्याच सेमिस्टरला टीमच्या इक्विपमेंट रूममध्ये शिरलो तो अजून बाहेर पडलेलो नाही. त्याच वर्षी उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, लॉस एंजेलिसच्या यूएससी युनिव्हर्सिटीत पिचिंग, म्हणजे फलंदाजाला बॉल टाकणं, शिकून पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक टीमकडे गेले होते. त्यामुळे वर्षभर प्रत्येक नवा माणूस मला विचारायचा, ‘त्या दोघांतला तू कोण?’ मी धुतलेल्या मोज्यांची टोपली दाखवायचो.

तर उत्तर असं की करिअर होतं. पगारही मिळतो, फक्त उशिरा. पण तो पगार कोणाच्या जिवावर मिळतो, हे तुम्ही दोघांनी आधी नीट समजून घ्या. ऑफर लेटरवर नाव युनिव्हर्सिटीचं असतं. नोकरी मात्र हेड कोच देतो आणि हेड कोच गेला की तीही जाते. मी आजवर चार युनिव्हर्सिट्या पाहिल्या आणि त्यातल्या तीन बदलांमागे माझ्या कामाचा काहीही संबंध नव्हता. बाकी जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी कोण कोण असतं ते सांगतो, कारण बाहेरून सगळेच टोपी घातलेले ‘कोच’ दिसतात. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए नावाची संघटना बघते. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, बेसबॉल टीमला एक हेड कोच आणि तीन पगारी असिस्टंट कोच असतात. एक पिचर्सना बघतो, एक फलंदाजांना, तिसरा बहुतेक ठिकाणी कॅचर किंवा इनफिल्ड बघतो, आणि शाळेतली पोरं हेरायला यातलंच कुणीतरी सतत गावोगाव हिंडत असतं. यांच्याखालचे ते आम्ही. डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स प्रवास, हॉटेल, जेवण, सामान आणि वेळापत्रक सांभाळतो. डायरेक्टर ऑफ प्लेअर डेव्हलपमेंट प्रत्येक खेळाडूची वर्षभराची आखणी ठेवतो. अ‍ॅनालिस्ट आकडे आणि व्हिडिओ बघतो. बुलपेन कॅचर पिचर्सचे बॉल झेलून झेलून तळहात सुजवून घेतो. मग ग्रॅज्युएट असिस्टंट, आणि सगळ्यात खाली तुमच्या मुलासारखे स्टुडंट मॅनेजर. छोट्या कॉलेजात ही सगळी कामं दोन माणसं करतात. ज्युनिअर कॉलेजात (म्हणजे इथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) तर हेड कोच स्वतः सकाळी गवत कापतो आणि संध्याकाळी टीमची व्हॅन चालवतो. त्यात कमीपणा काही नाही, उलट तिथे माणूस लवकर तयार होतो.

पगाराच्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. 2023 पर्यंत डिव्हिजन वनमध्ये दोनच असिस्टंटना पगार देता यायचा. तिसरा असायचा तो ‘व्हॉलंटियर असिस्टंट’. नावाला स्वयंसेवक, पण काम पूर्णवेळ, आठवड्याचे साठ-सत्तर तास. युनिव्हर्सिटीने त्याला पगार द्यायचा नाही असा नियमच होता. तो जगायचा उन्हाळी शिबिरांवर आणि शाळकरी पोरांच्या शिकवण्यांवर. हे पद पगारी करण्याचा प्रस्ताव 2019 च्या एप्रिलमध्ये मतदानाला आला आणि पडला. शेवटी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दोन माजी व्हॉलंटियर कोच कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सगळ्या युनिव्हर्सिट्यांनी मिळून एका नोकरीचा पगार शून्य ठरवणं हे संगनमत आहे. दोनच महिन्यांनी, 2023 च्या जानेवारीत, एनसीएएने व्हॉलंटियर हे पदच काढून टाकायचं ठरवलं आणि 1 जुलै 2023 पासून तिसरा असिस्टंट पगारी झाला. खटला पुढे सुमारे 49 दशलक्ष डॉलरच्या तडजोडीवर मिटला. तो 2018 पासूनच्या लोकांसाठी होता. मी 2010-11 चा व्हॉलंटियर, त्यामुळे मला त्यातला सेंटही नाही. ते वर्ष मी एका पिचरच्या आजीच्या घरी, तळघरात, गवत कापून देण्याच्या बोलीवर काढलं.

आता यातली गंमत ऐका. व्हॉलंटियर असताना मला पगार नव्हता, पण मैदानात उतरून शिकवायची मुभा होती. 2011 मध्ये मी ऑपरेशन्सचा डायरेक्टर झालो, पहिल्यांदा पगार आला, आणि त्याच दिवसापासून शिकवणं बंद झालं. सपोर्ट स्टाफने खेळाडूला तंत्र सांगायचं नाही, असा तेव्हाचा नियम. डोळ्यांसमोर पोराचं कोपर खाली पडतंय, मी दहा फुटांवर क्लिपबोर्ड घेऊन उभा, आणि तोंडातून शब्द काढता येत नाही! हे नियम आता बरेच सैल होत चाललेत, दरवर्षी काहीतरी हलतं. म्हणून कुठेही रुजू होताना मुलाने पहिल्याच दिवशी कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या ऑफिसात, जाऊन विचारावं की माझ्या पदाला काय चालतं आणि काय नाही. प्रत्येक अ‍ॅथलेटिक्स विभागात हे ऑफिस असतं. सपोर्ट स्टाफच्या एका चुकीने टीमवर कारवाई होऊ शकते.

काम काय असतं ते नुसतं सांगून कळत नाही, एक आठवडा सांगतो.

हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. नियमित हंगामात 56 सामने. शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच टीमशी तीन सामने, बहुधा मंगळवारी आणखी एक. मे संपताना 64 टीमची स्पर्धा लागते आणि त्यातल्या आठ जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाला जातात. 1950 पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज तिथेच होते. वारकऱ्याला पंढरपूर तसं आमच्या लोकांना ओमाहा. मी एकदाच गेलोय, तेही प्रेक्षक म्हणून.

सोमवारी खेळाडूंना सुटी. आठवड्यात एक दिवस सुटी द्यावीच लागते. आम्हाला तोच दिवस सगळ्यात जड. अ‍ॅनालिस्ट पुढच्या शुक्रवारच्या प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ उघडतो. त्यांचा पहिला पिचर दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला फलंदाज बाद) काय टाकतो, चौथ्या क्रमांकाचा फलंदाज आतला बॉल कुठे मारतो, पहिल्या बेसवरचा माणूस कधी पळतो. मैदानात ट्रॅकमन नावाची रडार यंत्रणा बसवलेली असते. ती प्रत्येक बॉलचा वेग, फिरकी, किती वळला, हातातून कुठल्या उंचीवर सुटला, हे सगळं नोंदवते. एका वीकेंडला हजाराच्या आसपास बॉल टाकले जातात आणि प्रत्येकामागे आकड्यांची लांबलचक ओळ. त्यातून फलंदाजाला हवं असतं एक वाक्य. ‘हा पिचर पहिला बॉल ब्रेकिंग, म्हणजे वळणारा टाकतो, थांब.’ एवढंच. पंचवीस पानी रिपोर्ट काढणारा पोरगा पहिल्या महिन्यात सगळ्यांना आवडतो आणि दुसऱ्या महिन्यात त्याचा रिपोर्ट कुणी उघडत नाही. तुमच्या मुलाला डेटा सायन्स येतं हे चांगलंच. पण खरी कसोटी अशी की एकोणीस वर्षांच्या, अर्धवट झोपेतल्या, काल चार वेळा बाद झालेल्या पोराला तो आकडा कसा सांगायचा. ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये येत नाही.

मंगळवारी सामना. बुधवारी-गुरुवारी सराव आणि गुरुवारी दुपारी बस. बसच्या आधी ऑपरेशन्सवाल्याचं तोंड बघण्यासारखं असतं. चाळीसेक माणसं, त्यातली दोघं शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीवाली, एकाची गुरुवारी रात्री ऑनलाइन परीक्षा, म्हणून हॉटेलात शांत खोली आणि निरीक्षक हवा. चाळीस जणांचं जेवण बस पोचायच्या वेळेला तयार हवं, अर्धा तास आधी नको, मागून तर नकोच. शिवाय सरावाचे तास मोजायचे. हंगामात आठवड्याला 20 तास, दिवसाला 4, सामन्याचा दिवस 3 तासांचा धरायचा. ही नोंद चुकली तर कंप्लायन्सवाले हजर.

माझी एक चूक सांगतो, युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही. आम्ही सेंट्रल टाइमवाले आणि सामना ईस्टर्न टाइमच्या राज्यात, म्हणजे घड्याळ तासभर पुढे. हॉटेलातून निघायची वेळ ईस्टर्नची होती, मी तिच्यापुढे चुकून ‘सेंट्रल’ छापलं. फोनमधली घड्याळं आपोआप बदलली होती, तरी निम्म्या पोरांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला आणि ती तासभर उशिरा खाली आली. पाहुण्या टीमची बॅटिंग प्रॅक्टिसची वेळ हुकली. आम्ही हरलो. हेड कोच मला एक शब्द बोलला नाही. बसमध्ये पुढच्या सीटवर बसून त्याने स्वतःचं मनगटी घड्याळ काढलं, तासभर पुढे केलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वेळापत्रकावर दोन्ही वेळा असतात, प्रवास एकाच टाइम झोनमध्ये असला तरी. पोरं हसतात. हसू देत.

घरचा सामना असला की वेगळंच. संध्याकाळी साडेसहाचा सामना आणि आम्ही सकाळी दहाला मैदानावर. कुणी बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकतो, कुणी फंगो मारतो. फंगो म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी झेल आणि ग्राउंडर (जमिनीलगतचे बॉल) मारायची लांब, हलकी बॅट. ही दोन कामं मुलाला येत नसतील तर आजपासून शिकायला सांगा. खांद्यात दम ठेवून पाऊण तास एकाच उंचीवर, एकाच वेगाने बॉल टाकत राहणारा माणूस कुठल्याही टीमला हवाच असतो. अ‍ॅनालिस्ट म्हणून तीन जणांचा अर्ज आला आणि त्यातला एक बॅटिंग प्रॅक्टिसही टाकतो, तर नोकरी त्यालाच. मी क्रिकेटमध्ये ओव्हरआर्म थ्रोडाऊन देत मोठा झालो, त्याचा मला इथे जेवढा उपयोग झाला तेवढा डिग्रीचा झाला नाही.

आता हेड कोचच्या मुद्द्याकडे येतो. दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही जगजाहीर आहेत.

एरिक बाकिच 2002 मध्ये क्लेमसन युनिव्हर्सिटीत व्हॉलंटियर असिस्टंट होता. तिथेच टिम कॉर्बिन पगारी असिस्टंट होता. कॉर्बिनला व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचं हेड कोचपद मिळालं आणि तो बाकिचला सोबत घेऊन गेला. बाकिच तिथे घडला, मग मेरिलँडचा हेड कोच झाला, मग मिशिगनचा. 2019 च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम फेरीत एका डगआउटमध्ये (मैदानाकडेची टीमची बसायची जागा) कॉर्बिन होता, दुसऱ्यात बाकिच. कॉर्बिन जिंकला. 2022 मध्ये बाकिच क्लेमसनला परतला, ते हेड कोच म्हणून. वीस वर्षांपूर्वी जिथे फुकट राबला होता तिथेच. तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कॉर्बिनऐवजी दुसरा कुणी बसलेला असता तर ही साखळी सुरूच झाली नसती.

दुसरं उदाहरण 2024 च्या जूनमधलं. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटी ओमाहात अंतिम फेरीचा तिसरा सामना टेनेसीकडून हरली. दुसऱ्या दिवशी त्यांचा हेड कोच जिम श्लॉसनेगल कट्टर वैरी टेक्सास युनिव्हर्सिटीकडे गेल्याची बातमी आली. पाठोपाठ असिस्टंटही निघाले. त्यातला बॅटिंग कोच मायकल अर्ली टेक्सासला गेला आणि आठवडा व्हायच्या आत ए अँड एमने त्यालाच हेड कोच म्हणून परत बोलावलं. पेपरात ही नावं येतात. त्या आठवड्यात अशा ठिकाणच्या ऑपरेशन्सवाल्याचं, अ‍ॅनालिस्टचं आणि बुलपेन कॅचरचं काय होत असेल, ते कुणी छापत नाही. मी सांगतो. ते फोन उलटा ठेवून बसतात. जुना कोच नेईल का, नवा कोच ठेवेल का, हे पहिले चार दिवस कुणालाच ठाऊक नसतं. नवा माणूस स्वतःची माणसं घेऊन येतो, यात त्याची काही चूक नाही.

परदेशी माणसाची गोची इथेच होते. व्हिसा युनिव्हर्सिटीच्या नावावर असतो आणि नोकरी कोचच्या मर्जीवर. कोच जूनमध्ये दुसऱ्या राज्यात गेला तर तो तुम्हाला तोंडी ‘चल’ म्हणतो, पण व्हिसा त्याच्याबरोबर जात नाही. नव्या युनिव्हर्सिटीने नवा अर्ज करावा लागतो. 2014 मध्ये माझ्यावर ही पाळी आली. नोकरी गेल्यावर 60 दिवस थांबायची जी सवलत आज आहे, ती तेव्हा नव्हती, 2017 मध्ये आली. जुना कोच एका नव्या ठिकाणी लागला, त्याने तिथल्या एचआरच्या मागे लागून माझा अर्ज करवून घेतला आणि तो अर्ज गेला माझ्या शेवटच्या दिवसाच्या चार दिवस आधी. त्या सगळ्या दिवसांत मी बायकोला काहीच सांगितलं नाही. म्हणजे तेव्हा ती बायको नव्हती, व्हायची होती. लग्नानंतर कळलं तेव्हा तिने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलाची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे, कारण त्याची डिग्री. मास्टर्सनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं आणि डेटा सायन्ससारख्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित) विषयाला आणखी 24 महिने मिळतात. पण एक अट घट्ट लक्षात ठेवा. पहिल्या 12 महिन्यांत आठवड्याला किमान 20 तासांचं बिनपगारी काम एकवेळ चालतं, पुढच्या 24 महिन्यांत नाही. तिथे पगार हवा, काम शिक्षणाशी जोडलेलं हवं आणि मालक ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेला हवा. म्हणजे ‘एक वर्ष फुकट काम कर, पुढे बघू’ असं कुणी म्हणालं तर त्या ‘पुढे बघू’ला तारीख मागायची. तारीख नसेल तर नमस्कार करून निघायचं.

त्यापुढे एच-वन-बी, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळवायचा नोकरीचा व्हिसा. आयटीवाली पोरं दर मार्चमध्ये लॉटरीसाठी देव पाण्यात घालून बसतात. युनिव्हर्सिटीला ती लॉटरी लागू नाही, वर्षात कधीही अर्ज करता येतो. आयटीतल्या भावकीला ही गोष्ट सांगितली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मात्र पद असं हवं की त्याला विशिष्ट विषयाची पदवी लागते असं दाखवता येईल. ‘बेसबॉल अ‍ॅनालिस्ट, संख्याशास्त्राची पदवी आवश्यक’ हे दाखवता येतं. ‘ऑपरेशन्स’ किंवा नुसतं ‘कोच’ हे आज जड जातं. म्हणून मुलाने हुद्द्याच्या नावात अ‍ॅनालिटिक्स हा शब्द आणि कामाच्या वर्णनात आकडेमोड, दोन्ही लिहून घ्यावं, मग प्रत्यक्षात टॉवेल धुवायला लागले तरी हरकत नाही. आणखी एक. 2025 च्या सप्टेंबरपासून देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरची फी लागलीय. कुठलीही युनिव्हर्सिटी अ‍ॅनालिस्टसाठी तेवढे पैसे मोजणार नाही. इथल्या इथे व्हिसा बदलून घेणाऱ्याला ती लागत नाही. तेव्हा ताई, अर्ज चालू असेल त्या वर्षी ‘दिवाळीला ये ना’ म्हणून त्याला गळ घालू नका. प्रवासाआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

जागा वाढतायत की घटतायत, असंही तुम्ही विचाराल. 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने खेळाडू आणि एनसीएए यांच्यातली एक मोठी तडजोड मंजूर केली. तिच्यामुळे युनिव्हर्सिट्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्या, पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला सगळ्या खेळांत मिळून 20.5 दशलक्ष डॉलरपर्यंत. बेसबॉलमध्ये पूर्वी अख्ख्या टीमला 11.7 शिष्यवृत्त्या असायच्या, त्या तुकडे करून वाटायच्या. ती मर्यादा या तडजोडीत आलेल्या युनिव्हर्सिट्यांसाठी गेली आणि तिच्या जागी 34 खेळाडूंची मर्यादा आली. माझ्या मते याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतोय. श्रीमंत टीमना आता पैसे आणि करार सांभाळणारा माणूस लागतो आणि ट्रान्सफर पोर्टलमधून कोणाला घ्यायचं हे आकड्यांवरून सांगणारा अ‍ॅनालिस्ट लागतो. हे पोर्टल म्हणजे टीम बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, 2018 मध्ये सुरू झाली आणि जून महिना खाऊन टाकते. मधल्या फळीतल्या युनिव्हर्सिट्या मात्र खेळाडूंचे पैसे भागवायला आधी सपोर्ट स्टाफलाच कात्री लावतात. म्हणून मी मुलाला मधल्या फळीत नुसत्या नावासाठी जाऊ देणार नाही. एक तर मोठी टीम, जिथे अ‍ॅनालिस्टची जागा बजेटमध्ये आहे. नाहीतर अगदी छोटी, जिथे तो एकटाच असेल आणि तीन वर्षांत सगळं शिकेल.

वर चढायची वाट आहेच. वेस जॉन्सन आर्कान्सात हायस्कूलचा कोच होता. डॅलस बॅप्टिस्ट, मिसिसिपी स्टेट, आर्कान्सा असं करत 2018 च्या शेवटी थेट मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक टीमचा पिचिंग कोच झाला, पुढे एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आला आणि आता जॉर्जियाचा हेड कोच आहे. टेनेसीचा टोनी विटेलो 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक टीमचा मॅनेजर, म्हणजे तिथला हेड कोच, झाला, व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक दिवसही न काढता. पण ही मैदानात शिकवणाऱ्यांची वाट. कॉलेजात न खेळलेल्या माणसाला हेड कोच होणं जवळजवळ अशक्य आहे, हे मुलाला आजच सांगा. मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. अ‍ॅनालिस्टची वाट निराळी आहे. ती मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलच्या, ऑफिसांकडे जाते, आणि तिथून पुन्हा आयटीत यायचं झालं तरी दार उघडं असतं. माझ्याकडचा एक पोरगा चार वर्षांनी विमा कंपनीत गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याचा पगार माझ्यापुढे गेला.

आता त्याने करायचं काय? जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, नॅशव्हिल, डॅलस अशा शहरांत. व्याख्यानं आत होतात आणि नोकऱ्या बाहेरच्या लॉबीत. कडक इस्त्रीचे पोलो शर्ट घातलेली शेकडो पोरं हातात कागद घेऊन उभी असतात. तिथे रिझ्युमे वाटू नये, कचऱ्यात जातो. एका पानाचा खरा रिपोर्ट न्यावा, एखाद्या टीमच्या एका पिचरबद्दल, आणि तो त्या टीमच्या माणसाच्या हातात द्यावा. उन्हाळा रिकामा घालवू नये. केप कॉड किंवा नॉर्थवुड्ससारख्या उन्हाळी लीगना माणसं हवीच असतात, आणि तिथे देशभरातल्या टीमची पोरं एकत्र येतात. त्याच्या व्हिसात ते बसतं का, हे आधी बघून घ्यावं.

आणि मुलाखतीला गेला की हेड कोचबद्दल तीन गोष्टी काढाव्यात, पण त्याला न विचारता. त्याचे जुने स्टुडंट मॅनेजर आज कुठे आहेत? गेल्या वेळी युनिव्हर्सिटी बदलली तेव्हा त्याने खालच्या किती जणांना नेलं, आणि नेता आलं नाही त्यांच्यासाठी फोन केले का? आणि त्याच्या कराराची किती वर्षं उरलीत? सरकारी युनिव्हर्सिटीत हा करार सहसा मागितला की बघायला मिळतो. मी माझ्या दुसऱ्या नोकरीत हे विचारलं नाही. स्टेडियम नवं होतं, लॉकर रूममध्ये लाकडी पॅनेल होती, मी हुरळलो. कोचचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या जूनमध्ये सगळे बाहेर.

घरच्यांनी काय धरून चालावं? गुढीपाडवा नेहमी ऐन हंगामात येतो. मी सकाळी सहाला अपार्टमेंटच्या बाल्कनीत गुढी उभारतो आणि ती संध्याकाळी शेजारची मेक्सिकन मावशी उतरवते, कारण मी तोवर बसमध्ये असतो. लग्नाची तारीख फेब्रुवारी ते जून धरायची नाही. जुलैत शिबिरं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शरद ऋतूतला सराव. नोव्हेंबर-डिसेंबर मोकळा. स्थळ बघायचंच असेल तर तेव्हा बघा.

शेवटी तुमच्या मनातलं बोलतो. त्याला तीन वर्षं द्या. ओपीटीची मुदत तेवढीच आहे. त्यात पगारी अ‍ॅनालिस्टचं पद आणि एच-वन-बीचा अर्ज, या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत तर आयटीचं दार आहेच, आणि तीन वर्षांचं खरं आकड्यांचं काम रिझ्युमेवर असेल. तोवर दर महिन्याला ‘नोकरीचं काय झालं’ असं विचारू नका. ‘यंदाचा तुमचा पहिला पिचर कसा आहे’ असं विचारा, तो अर्धा तास बोलेल. फक्त शुक्रवारी संध्याकाळी फोन करू नका, तुमच्याकडे तेव्हा शनिवारची पहाट असते आणि इथे सामना चालू असतो. तुमच्या सोमवारी रात्री दहाला करा. इथे दुपार होत आलेली असते, खेळाडूंना सुटी असते आणि तो ऑफिसात एकटा व्हिडिओ कापत बसलेला असतो. लगेच उचलेल.